पांढरी पापणी

आई,

"ही माज्यावर गेली, तू बापावर." हे तू आयुष्यात पुष्कळदा म्हणालीस, पण मला आठवतो तो एक रविवार. पनवेलच्या आपल्या दोन खोल्या, मागचं दार मोरीच्या बाजूला उघडणारं. तिथं उजेड चांगला यायचा म्हणून तू धाकटीला उंबऱ्यावर उभी करायचीस, अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढायचीस आणि आत डोकावून बघायचीस. तुझ्या अंगठ्याला सुकटीचा वास यायचा. "पांढरं हाय," तू म्हणायचीस. मग भिंतीवरच्या आरशात स्वतःची पापणी ओढायचीस, तीही पांढरीच असायची. तुमच्या दोघींच्या मागं मी उभी असायचे. मला कुणी उभं राहायला सांगितलेलं नसायचं. त्या रविवारी मी म्हणाले, "माझी पण बघ ना." तू माझा गालगुच्चा घेतलास. "तुजी काय बगायची? तुज्या गालावर भाकरी भाजंल. ही माज्यावर गेली, तू बापावर." बाबा खाटेवर पेपर वाचत होते, ते हसले. धाकटी हसली. मीही हसले, कारण ते कौतुकच होतं. लाल गालांची, दणकट, न सांगता वाढणारी मुलगी कुणाला नको असते? पण मला त्या दिवशी कळलं की तुमच्या दोघींमध्ये काहीतरी आहे, आणि ते माझ्याकडे नाही.

त्या पांढऱ्या पापणीचे लाड फार असायचे. मटण आणलं की त्यातली कलेजी धाकटीची. थंडीत अळिवाचे लाडू तिच्यासाठी वळले जायचे. लोखंडी कढईतली माठाची भाजी आधी तिच्या ताटात पडायची, आणि फळीवरच्या टॉनिकचा चमचा सकाळी तिच्याच तोंडात. ती नाक दाबून घ्यायची आणि तुझी पाठ वळली की मोरीत थुंकायची. कलेजीचे तुकडे माझ्या ताटात सरकवायची. "खा गं ताई, मला ओकारी येते." मी खायचे, पण मला ती तिच्याकडून नको होती, तुझ्या हातून हवी होती. एकदा मी तांदळाचं पीठ तोंडाला चोळून त्या मागच्या दारात उभी राहिले. तू भाकऱ्या थापत होतीस. ओल्या हातानं माझं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "पीठ वाया घालवू नको." मी का चोळलं हे तू विचारलं नाहीस. मत्सर हा शब्द पुस्तकातला आहे, आपल्या घरात तो नव्हता. आपल्याकडे जळणं म्हणायचे. मी जळायचे, आई. लाल गाल त्यासाठी बरे पडायचे, कुणाला वेगळं दिसायचं नाही.

आज हे लिहायला बसले त्याला कारण धाकटीचा फोन. तिच्या मुलाच्या कॉलेजात रक्त तपासायचं शिबिर झालं, त्यात त्याचं रक्त तुझ्यासारखं निघालं. "घाबरण्यासारखं काही नाही गं ताई, लग्नाच्या वेळी मुलीचं रक्त तपासून घ्यायचं, एवढंच," ती म्हणाली, आणि मग हसत, "आईवर गेलाय बघ." मी म्हणाले, "बरं झालं." बरं काय झालं ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. तुझ्या माहेराकडे, उलव्याच्या बाजूला, जिथं तू लहानपणी चिखलात निवट्या, ते उड्या मारणारे मासे, पकडायचीस तिथं भराव पडून इमारती उठायला लागल्यात. तुझ्या वाडीतली माणसं पांगली. आणि तुझं रक्त मात्र चाललंय पुढे, धाकटीच्या घरातून तिच्या मुलाच्या अंगात, तिथून आणखी कुणाच्या. माझ्या दारावरून ते गेलंच नाही. फोन ठेवल्यावर मी चहा टाकला, तो उतू गेला, आणि तेव्हा मला आपटा गावातलं मावशीचं ते घर आठवलं.

नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. बाबा न्हावा शेव्याच्या बंदरावर लागलेले, अंगाला डिझेलचा वास घेऊन घरी यायचे. नवीन पनवेलात जिकडेतिकडे बांधकामं, पाया घालायला खणलेले खड्डे, त्यात साठलेलं पाणी, उघड्या टाक्या. पावसाळा सरता सरता गल्लीतलं एकही घर तापावाचून राहिलं नव्हतं. हिवतापासाठी बोट टोचून काचेवर रक्त घेणारा माणूस यायचा आणि दाराच्या चौकटीवर खडूनं तारीख टाकून जायचा. त्याच वर्षी आम्ही दोघी पोटुशा राहिलो. माझं लग्न आधीचं, पण दिवस उशिरा गेले. धाकटीला लग्न झाल्या झाल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. दोन्ही जावई आपापल्या बायकोला पोचवायला एकाच आठवड्यात येणार म्हणून बाबा चेष्टा करत होते, "घराचा दवाखाना करतो मी, पाटीच लावतो बाहेर."

पण तुझ्या माहेरी एका छपराखाली दोन पहिलटकरणी ठेवत नसत. एकीची सावली दुसरीवर पडते, एक निभावते आणि दुसरी नाही, असं तुझी आत्या म्हणायची, आणि तू बाकी कशाला नाही तरी त्या म्हाताऱ्या आत्याला भ्यायचीस. तू मोरीपाशी मांदेली साफ करत होतीस. आपट्याची मावशी तुझ्या समोर पाय पसरून बसली होती, तिच्या मांडीवर माझ्यासाठी आणलेलं लुगडं. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू मावशीकं जा. मावशीचं घर म्हंजे माहेरच."

"मी का? धाकटी का नाही?"

"तिच्यात रक्त नाय. तिची पापणी बगितलीस का? कागदावानी झालीय. तुला काय होनार हाय? तू घोडी हायस घोडी."

"घोडीला चारा मी घालीन," मावशी म्हणाली, "पन लाथ मारली तर सांगून ठेवते, बाळंत झाल्यावं परत मारीन."

आपण सगळे हसलो. तू मांदेलीचं डोकं मोडलंस आणि पुढची घेतलीस. इतकं सोपं होतं ते तुझ्यासाठी. पुढं कितीतरी वेळा मी तुझ्या जागी बसून पाहिलं, दोन मुली, एक पांढरीफटक आणि एक लालबुंद, आणि एकीलाच ठेवायचं. मीही धाकटीलाच ठेवलं असतं. कुणीही ठेवलं असतं. तरी त्या वेळी सामान भरताना मी खाटेवर टांगलेल्या मच्छरदाणीकडे बघत होते, हे तुला दिसलं असेल का? घरात मच्छरदाणी एकच. जुनी, आणि तिची भोकं तू खाडीवर जाळं सांधतात तशी सुईनं, त्याच गाठीनं सांधलेली. ती धाकटीच्या खाटेवर होती. मी मागितली नाही. मागितली असती तर तू दिली असतीस का, हा प्रश्न मी अजूनही मनात उलटापालटा करते, कारण मला त्याचं उत्तर हवंय आणि नकोयही.

मावशीनं काही कमी केलं नाही. पाताळगंगेच्या अलीकडे तिचं घर, मागं गोठा, पुढं भाताची खाचरं, पाणी भरलेली. संध्याकाळ झाली की ती कडुलिंबाचा धूर करायची, माझ्या पायावर पातळ घालायची, स्वतः पदरानं वारा घालत बसायची. डास तरी यायचेच. एका दुपारी मला थंडी वाजायला लागली. गोधडीवर गोधडी घातली तरी दात वाजत होते. मग ताप, मग घाम, मग काही झालंच नाही असं वाटावं इतकं हलकं अंग. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांची कडू चव पाण्यातही उतरायची. ताप गेला. मावशीनं तुला निरोप धाडला, घोडी उभी राहिली. मग तो परत आला, आणि या वेळी माझ्या लघवीचा रंग बदलला, डोळ्यांसमोर अंधारी यायला लागली, आणि पोटातली हालचाल मंद झाली. हे मी कुणाला लगेच सांगितलं नाही. मला वाटलं, बाळ झोपलंय.

आठवा लागायच्या आत कळा सुरू झाल्या. भाजीच्या टेंपोत गाद्या टाकून मला पनवेलच्या दवाखान्यात आणलं. मुलगी झाली. इतकी लहान की तिचा आख्खा पाय माझ्या अंगठ्याएवढा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली. तिच्याबद्दल मला इथं लिहायचं नाही. तिचं रडणं मी एकदाच ऐकलं, मांजराच्या पिल्लासारखं, ते माझ्यापाशीच राहू दे. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं ते मला नंतर कळलं, की हा ताप गरोदर बाईच्या वारेत जाऊन बसतो, बाळाचं अन्न अडवतो, आणि पहिलटकरणीला फार छळतो, कारण तिच्या अंगाला तो प्रकार नवा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला अंग थोडं शिकलेलं असतं. बाबांनी हे मला सांगताना "शिकलेलं" या शब्दावर थांबून चष्मा पुसला.

मी त्या खाटेवर पडले होते आणि तू आलीस. तुझ्या हातात डबा होता, तो तू खाली ठेवलास. तू रडली नाहीस. माझ्या उशाशी उभी राहिलीस, माझं तोंड खिडकीकडे वळवलंस आणि अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढलीस. आयुष्यात पहिल्यांदा. किती वेळ बघत होतीस कुणास ठाऊक. तापानं माझ्या अंगातलं सगळं रक्त खाल्लं होतं, आणि मला माहीत होतं तुला आत काय दिसतंय ते. तू काही बोलली नाहीस. पापणी सोडलीस आणि तो सुकटीचा वास माझ्या गालावर राहिला.

मला रक्त द्यायचं ठरलं. ही गोष्ट मला बाबांनी फार उशिरा सांगितली, तू गेल्यानंतर. तू म्हणे सगळ्यांच्या आधी जाऊन बाकावर बसलीस आणि पदर वर करून दंड पुढं केलास. "माजं घ्या. आई हाय मी तिची." नर्सनं तुझ्याकडे बघितलं, तुझी पापणी ओढली, आई, तुझी, आणि म्हणाली, "अहो मावशी, तुमच्यातच रक्त नाही, तुम्ही काय देता?" तू म्हणे तरी उठेनास. "निम्मं घ्या," म्हणालीस. "निम्मं तरी घ्या." शेवटी बाबांनी तुला हाताला धरून उठवलं आणि त्यांचं रक्त घेतलं. ते मला चढलं. बाबांचं. पुन्हा बाबांचंच.

पुढल्या महिन्यात धाकटी बाळंत झाली. तिलाही ताप आला होता. मच्छरदाणी रात्री असते, डास संध्याकाळी ओट्यावरही चावतात. थोडे दिवस कुडकुडली, तीच कडू गोळी खाल्ली, आणि उठून बसून म्हणाली, मला आंबट काहीतरी द्या. मुलगा झाला, गुटगुटीत, बोळक्या तोंडानं घर डोक्यावर घेणारा. बारशाला मी आले. शेजारची एक बाई दुसरीच्या कानात बोलली, मोठीच्या मांडीवर नको देऊ बाई, आत्ताच तिचं असं झालंय. ती हळू बोलत होती पण आपल्या खोल्या लहान. तू पाळण्यातून पोर उचललंस आणि सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर ठेवलंस. "मावशीच्या मांडीवर नाय तर कोनाच्या ठेवू?" मी त्या पोराच्या टाळूचा वास घेतला आणि मला ते इतकं आवडलं, इतकं माझं वाटलं, की त्याच वेळी धाकटीकडे बघणं मला जमेना. ती तुझ्यासारखीच खाटेवर टेकून बसली होती, पांढरीफटक, तृप्त. ती अशक्त असायला हवी होती ना? मी दणकट होते. मला काय होणार होतं?

हे कोडं सुटायला काही वर्षं गेली. धाकटी दुसऱ्यांदा गरोदर असताना नव्या पनवेलात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी तिचे जुने कागद चाळले आणि विचारलं, इतकी वर्षं लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि रक्त तिथंच कसं? त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं. मग तुला बोलावलं, तिच्या नवऱ्याला, आणि मी बरोबर होते म्हणून मलाही. आपण सगळे त्यांच्या टेबलासमोर बसलो. त्या म्हणाल्या, हा आजार नाही, रक्ताची एक ठेवण आहे, थॅलेसेमिया मायनर म्हणतात तिला. आईकडून आलीय. रक्तातल्या पेशीच लहान, त्यामुळं माणूस फिकट दिसतं, पण अशक्त असतंच असं नाही. लोहानं ते बदलणार नाही. "म्हंजे माजं टानिक?" तू विचारलंस. त्या हसल्या. "टॉनिकचा काही दोष नाही, मावशी. पण उपयोगही नव्हता." इतक्या वर्षांची कलेजी, माठ, अळीव, नाक दाबून गिळलेले चमचे, सगळं त्या टेबलावर आलं आणि धाकटी खो खो हसायला लागली. "मी थुंकत होते ते बरोबरच होतं!" मीही हसले. मग मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. असं रक्त असलं तर हिवतापाचं काय?

डॉक्टरीणबाईंना आपलं काही माहीत नव्हतं. त्या सरळ म्हणाल्या, जिथं पिढ्यान् पिढ्या हिवताप आहे, खाडीकाठी, दलदलीत, तिथं असं रक्त जास्त आढळतं. ज्यांच्यात ते असतं त्यांना तो ताप सहसा जीवघेणा होत नाही, असं मानतात. म्हणून तर ते टिकून राहिलंय. "म्हणजे हिचं पहिल्या वेळी त्यामुळं निभावलं?" मी म्हणाले. "असं एका माणसापुरतं मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "नशीब असतं, डास असतात, औषध वेळेवर मिळतं की नाही ते असतं." त्या बाईंनी काळजीनं, मोजून उत्तर दिलं. पण तू माझ्याकडे बघितलंस, आई. एक क्षणभर. तुला कळलं आणि मला कळलं की तुला कळलंय. मग तू खाली बघितलंस आणि पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिलीस.

धाकटीचा नवरा तिथूनच कामाला गेला. परत येताना रिक्षात तू मध्ये, आम्ही दोघी दोन्हीकडे. अजून धाकटीच्या नवऱ्याच्या रक्ताचा निकाल यायचा होता, आणि त्याच वेळी घेतलेल्या माझ्या रक्ताचाही. नवरा-बायको दोघांचंही तसं असलं तर मुलाला महिन्याच्या महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवत जगवावं लागतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ट्रकांची रांग लागलेली, रिक्षा अडकलेली. तू धाकटीचा हात धरलास आणि रडायला लागलीस. "माज्यामुलं तुला हे. माज्या रक्ताचं भोग तुला. माफ कर गं बाय." ती म्हणत होती, "काय गं आई, माफ काय करायचं, काही होत नाही." तू तिच्या खांद्यावर डोकं टेकलंस. मी दुसऱ्या बाजूला बसले होते. माझा दंड तुझ्या दंडाला लागलेला होता. रक्त दिल्याबद्दल तू तिची माफी मागितलीस. न दिल्याबद्दल माझी कुणी मागायची? मला त्या भीतीचासुद्धा हेवा वाटला, ती तिची आणि तुझी मिळून होती म्हणून. तिच्या नवऱ्याचं रक्त चांगलं निघालं तेव्हा मी देवासमोर नारळ फोडला, तो मनापासून फोडला. दोन्ही गोष्टी एकाच पोटात मावतात, मला माहीत आहे.

माझा निकाल त्याच दिवशी आला. कागद देणारा मुलगा म्हणाला, "नॉर्मल आहे ताई, टेन्शन घेऊ नका." आणि मी तिथं बाकावर बसून हुंदके देऊन रडले. तो बिचारा घाबरला. "अहो, चांगला आहे रिपोर्ट. नॉर्मल म्हणजे चांगला. पाणी आणू का?" त्याला वाटलं मला वाचता येत नाही. घरी आल्यावर तू माझे डोळे बघितलेस आणि मला दटावलंस. "चांगलं रक्त हाय तुजं, त्याचं रडं कसलं? लोक देवाकडे मागतात." तू बरोबर होतीस. मी मान डोलावली. तुला काय सांगणार होते, की मी आत जाताना मनातल्या मनात म्हणत होते, माझ्यातही असू दे, थोडं तरी असू दे, मग आपट्याला जे झालं ते झालं, पण तुझ्यातलं काहीतरी माझ्यात निघू दे?

मला पुन्हा दिवस राहिले तेव्हा तू मला कुठं जाऊ दिलं नाहीस. ती जुनी मच्छरदाणी पुन्हा धुतलीस, उन्हात घातलीस, दिव्यासमोर धरून एक एक भोक शोधलंस आणि सांधलंस. माझ्या खाटेवर टांगलीस. संध्याकाळी खिडक्या बंद करून तू जाळ्याबाहेर स्टुलावर बसायचीस आणि कुठलंही गाणं गुणगुणायचीस. त्या वर्षी तू माझ्यासाठी अळिवाचे लाडू वळलेस. मी म्हणाले, "मला कशाला? माझ्यात रक्त आहे." तू म्हणालीस, "खा गप." मला त्या वेळीही ताप आला, आई, आठवतं? तू पांढरी पडलीस, म्हणजे होतीस त्याहून. पण तो आला आणि चार घाम देऊन गेला, पोटातली पोर लाथा मारत राहिली, आणि ती वेळेवर झाली. माझं अंग शिकलं होतं. धाकटीला जे तुझ्याकडून फुकट मिळालं ते मी माझ्या पहिल्या मुलीकडून शिकले. ती मला काय देऊन गेली हे मी कुणाला सांगू शकत नाही. दुसरीला तर नाहीच.

तू गेलीस तेव्हा धाकटी तुझ्या उशाशी बसली होती आणि दारात आलेली मावशी तिला बघून किंचाळलीच. "अगं बाय, माजी बहीनच उठून बसली!" सगळ्या बायका रडत रडत म्हणाल्या, हुबेहूब आई. तोच रंग, तेच मनगट. मला सगळे म्हणाले, तू बाबांना सांभाळ, तू खंबीर आहेस. मी सांभाळलं. तुझ्या नाकात कापूस घालायच्या आधी मी तुझ्या मिटल्या पापणीला हात लावला, पण खाली ओढली नाही. ती आता कुठल्या रंगाची आहे हे मला बघवलं नसतं.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. एकच गोष्ट सांगते, ती मी कधी कुणाला सांगितलेली नाही. माझी मुलगी जाऊन एक रात्रही झाली नव्हती, तू दवाखान्यात माझं तोंड खिडकीकडे वळवलंस आणि माझी पापणी ओढलीस, तेव्हा, तेवढा वेळ, मला बरं वाटलं होतं. मला वाटलं, आता तू म्हणशील. आता तरी म्हणशील. आज धाकटीचा फोन झाल्यावर मी चहाचं भांडं तसंच टाकून आरशासमोर गेले, पापणी ओढली, आणि आत लाल होतं. ठसठशीत लाल. बाबांचं.

तुला खोटं बोलायला कधी जमलं नाही, नर्ससमोर निम्मं घ्या म्हणालीस तेव्हाही नाही. त्यामुळं तू नाहीच म्हणशील, मला ठाऊक आहे. तरी एकदा ये. मला मागच्या दारात उजेडाकडे तोंड करून उभी कर, धाकटी नसताना, आणि अंगठ्यानं पापणी ओढून म्हण, पांढरं हाय. म्हण, ही माज्यावर गेली.